5 वॉटच्या जुन्या ट्यूब अँपमध्ये लोकांना एवढं काय सापडतं?

तुम्ही विचारलंय की घरी सरावाला जुना छोटा ट्यूब अँप घ्यावा का, आणि मुळात 5 वॉटमध्ये वाजणार ते काय. यातला दुसरा प्रश्न मला 1997 च्या संक्रांतीला आमच्या दाजींनी विचारला होता, चार माणसांत, हसत हसत. तेव्हा उत्तर सुचलं नाही. म्हणून आज जरा लांबण लागणार.

मी तेव्हा अंबाजोगाईत राहायचो. गिवसनची इलेक्ट्रिक गिटार होती, अँप नव्हता. मंडी बाजाराकडे रेडिओ दुरुस्तीवाले एक मामू होते. त्यांच्या फळीवर गिऱ्हाइकाने परत न नेलेला व्हॉल्वचा (व्हॉल्व म्हणजेच ट्यूब) रेडिओ पडून होता, मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं. त्यात गिटार लावली तर आवाज मच्छराएवढा, कारण गिटारच्या पिकअपचा (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाचा) सिग्नल ग्रामोफोनच्या मानाने फार अशक्त. मामूंनी मध्ये सिग्नल वाढवायला ईसीसी83 नावाचा एक छोटा व्हॉल्व घातला (अमेरिकेत यालाच 12एएक्स7 म्हणतात), पुढे स्पीकर हलवणारा पॉवर व्हॉल्व रेडिओतलाच, ईएल84, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. बटण एकच. झाला अँप. आज ज्याच्या मागे लोक वेडे आहेत तो फेंडरचा 1950 च्या दशकातला चॅम्प तरी याहून वेगळा काय होता? एक 12एएक्स7, एक 6व्ही6 हा पॉवर व्हॉल्व, एक रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व, 8 इंची स्पीकर आणि व्हॉल्यूमचं एकुलतं एक बटण, टोनचं नाहीच.

ताई संक्रांतीला माहेरी आली होती. तिला न्यायला दाजी परळीचं लग्न उरकून टेम्पोसकट आले. त्यांचा मंडप-साऊंडचा धंदा. संध्याकाळची वेळ, सगळ्या शिवारात हरभऱ्याला पाणी चालू, मोटारींनी डीपी दमलेला. टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा काटा 170 वर येऊन थरथरत होता, बल्ब पिवळा पडलेला. आणि नेमका त्याच संध्याकाळी माझा अँप असा काही वाजला की विचारू नका. एरवी बटण पाऊण फिरवल्याशिवाय जो स्वर फाटायचा नाही, तो त्या दिवशी अर्ध्याच्याही आत मऊ फाटायला लागला. पिक हलकं लावलं की स्वच्छ, जोर दिला की घोगरा. बटणाला हात न लावता, नुसत्या मनगटावर. का, तर लाइटीचा दाब उतरला की व्हॉल्वला मिळणारं व्होल्टेजही उतरतं आणि स्वर लवकर छताला लागतो. बाकी जग यासाठी वेगळी यंत्रं विकत घेतं, आम्हाला महावितरणाच्या आधीच्या मंडळाने फुकट दिलं.

दाजी दारातूनच म्हणाले, "काय वाजायलंय हे? रेडिओ फाटलाय का?" मग, "किती वॉट?" म्हटलं, पाच. "पाच? आमचा झिरोचा बल्ब बी याच्यापेक्षा मोठा असतोय की रे!" (हे मात्र खरं. तेव्हाचा तो 15 वॉटचा असायचा.) आणि टेम्पोतून 250 वॉटचं ट्रान्झिस्टरचं मशीन आणि एक भोंगा उतरवला. माझी गिटार त्यात लावली. गल्ली हादरली, पोरं नाचली, सगळ्यांनी दाजींकडे कौतुकाने पाहिलं. मी हळू वाजवलं काय, जोरात वाजवलं काय, तोच काचेसारखा आवाज, आणि फुल केल्यावर पत्र्यावर खडे ओतल्यासारखा.

तर कारण असं. ट्रान्झिस्टर आपल्या मर्यादेपर्यंत सरळ जातो आणि तिथे स्वराचा माथा सपाट छाटतो. व्हॉल्व आधीपासूनच वाकायला लागतो, त्यामुळे कडा गोल राहते. त्यातही छोट्या अँपमध्ये एकच पॉवर व्हॉल्व असतो. मोठ्यात दोन समोरासमोर जोडले की त्यांच्यात दुसरा हार्मोनिक, म्हणजे त्याच स्वराचा वरचा सप्तक, बराचसा कटून जातो. एकट्या व्हॉल्वमध्ये तो शिल्लक राहतो, म्हणून स्वर भरलेला लागतो. लोक ‘सॅग, सॅग’ (जोरात वाजवल्यावर आतलं व्होल्टेज क्षणभर खचणं) करत बसतात, एका पॉवर व्हॉल्वच्या अँपमध्ये रेक्टिफायरमुळे येणारा तो प्रकार नावालाच. आणि खरी गंमत ही की 5 वॉटचा अँप घरात पूर्ण फिरवता येतो. 50 वॉटचा ट्यूब अँप घेऊन दोनवर वाजवणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत. त्यांनी आपल्या अँपचा खरा आवाज अजून ऐकलेला नाही.

पूर्ण फिरवता येतो म्हटलं, पण फ्लॅटमध्ये नाही. 5 वॉट चांगलेच मोठे असतात, भिंतीपलीकडचे बेल वाजवतील. रात्री हेडफोनवरच वाजवणार असाल तर सरळ मॉडेलिंग अँप (ट्यूबच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) घ्या. अमेरिकेतून जुना मागवलात तर तो त्यांच्या 110-120 व्होल्टचा असेल, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या प्लगात घालू नका. स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. आणि माझं वाचून कुणी रेडिओ उघडणार असेल तर आधी व्हॉल्ववरची अक्षरं वाचा. यूसीएल82, यूएल84 असे ‘यू’वाले असतील तर बहुतेक त्या रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट लाइटीला जोडलेली असते. म्हणजे गिटारच्या तारांत 230 व्होल्ट. तो रेडिओ शोकेसमध्ये ठेवा. ‘ई’वाल्यांतही बंद केल्यावर कंडेन्सर विजेने भरलेला राहतो, झटका बसतो. मामू म्हणायचे, "एक हाथ जेब में रखना, दोनों हाथां नक्को."

170 व्होल्टचीही नक्कल करू नका, फिलामेंट थंड राहून व्हॉल्व लवकर संपतात. माझा ईएल84 दोन वर्षांत गेला.

आता दाजींचं. 250 भागिले 5 म्हणजे 50 पट वॉट. डेसिबलमध्ये ते 17 भरतात, आणि कानाला दर 10 डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास पट मशीन, आवाज सव्वातीन पट. (भोंगा साध्या स्पीकरपेक्षा कितीतरी जास्त बोंबलतो, ते धरलं तर हिशेब बिघडतो. पण हे मी त्यांना सांगणार नाही.)