रूटचा पासवर्ड दिला नाही, तरी रूट

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लॅब असिस्टंट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं एकाच डेबियन लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करून सी आणि पायथनची प्रॅक्टिकल्स करतात. सूडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून कमांड चालवायची मुभा) कुणालाच नाही. रूटचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आणि विभागप्रमुखांकडे. सर्व्हर कॉलेजच्या नेटवर्कबाहेर दिसत नाही. तरी ऑडिटवाल्यांनी अहवालात लाल अक्षरांत लिहिलंय : ‘कर्नल प्रिव्हिलेज एस्कलेशन, गंभीर’. अपडेट मी दर आठवड्याला करतो. गेल्या दीड वर्षात सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही. मग गंभीर काय आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दीड वर्ष बंद न पडलेला सर्व्हर, हेच गंभीर आहे.

तुम्ही अपडेट केलंत, नवं कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, उतरलं, ‘/बूट’ फोल्डरमध्ये जाऊन बसलं. चालू मात्र दीड वर्षापूर्वीचंच आहे. ब्राउझर बंद करून उघडला की नवा होतो, कर्नल मशीन पुन्हा सुरू केल्याशिवाय बदलत नाही. चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘यूनेम -आर’ ही कमांड चालवा आणि ‘/बूट’मधल्या सगळ्यात नव्या फाइलशी ताडून पाहा. अपटाइमचा आकडा अभिमानाने सांगणारी माणसं मी आयुष्यभर पाहत आले. मला त्या आकड्यात फक्त न बसलेले पॅच (दुरुस्त्या) दिसतात.

आता सूडोचं. कोण रूट आणि कोण साधा, हे शेवटी कर्नलच्या मेमरीतल्या एका नोंदीवर ठरतं. रूट म्हणजे युजर क्रमांक शून्य, एवढंच. ही फाइल याला लिहू द्यायची का, हा निर्णयही कर्नलच देतं. त्याच्याच हिशेबात चूक असेल तर पासवर्ड कुणी विचारतच नाही, साधा युजर रूट होऊन बसतो. यालाच प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात. बाहेरच्या हल्लेखोराला आधी आत शिरावं लागतं. तुमची मुलं रीतसर आत आहेत, आणि तुम्ही त्यांच्या हातात सी कंपायलरही दिला आहे. अशा मशीनवर या जातीचा दोष गंभीर नाही तर कुठे असेल?

२०२२मधला ‘डर्टी पाइप’ हा कर्नलमधला दोष घ्या, सुरक्षा-दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७. तो सापडला कसा, हेच मुळात ऐकण्यासारखं आहे. मॅक्स केलरमन हे जर्मनीत होस्टिंगच्या क्षेत्रात काम करणारे प्रोग्रॅमर. एप्रिल २०२१मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली : वेबसाइटच्या लॉगची (नोंदींची) आकसून ठेवलेली जीझिप फाइल उघडत नाही, ती शाबूत आहे का ते तपासणारी शेवटची बेरीज चुकते. एकच फाइल होती, दुरुस्त करून दिली. पण पुढच्या महिन्यांत तशा फाइली पुन्हा पुन्हा निघू लागल्या, आणि बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या. बिघडलेले बाइट नेहमी आठ आणि नेहमी तेच. त्यांतली पहिली दोन अक्षरं पी आणि के, म्हणजे झिप फाइलच्या मथळ्याची खूण. त्यांच्याकडे एक प्रोग्रॅम रोजच्या फाइली जोडून महिन्याची झिप बनवून ग्राहकाला पाठवत असे. त्या झिपचा मथळा भलत्याच फाइलीत उमटत होता. गंमत अशी, की त्या प्रोग्रॅमला लॉगच्या फाइलींवर लिहायची परवानगीच नव्हती.

परवानगी नसताना लिखाण होत असेल तर चूक कर्नलची. केलरमननी ती शोधली. डिस्कवरची फाइल वाचली, की कर्नल तिची पानं मेमरीत ठेवतं. त्याला पेज कॅश म्हणतात, आणि पुढे जो कुणी ती फाइल वाचेल त्याला तीच पानं मिळतात. ‘स्प्लाइस’ हा सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायची मागणी) असं पान नक्कल न करता थेट पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे डेटा नेणाऱ्या नळीत, ठेवतो. ‘पुढचं लिखाण याच पानात जोडलं तरी चालेल’ असं सांगणारा एक झेंडा पाइपच्या प्रत्येक खणावर असतो. स्प्लाइसने पान ठेवताना तो साफ व्हायला हवा होता, आणि ती एक ओळ राहून गेली होती. त्यामुळे आधीच्या वापरातला झेंडा तसाच राहायचा, आणि पाइपमध्ये लिहिलेलं थेट पेज कॅशमधल्या फाइलीवर जाऊन पडायचं. ती ओळ २०१६च्या कर्नल ४.९पासूनच राहून गेली होती. पण तो झेंडा २०२०च्या ५.८ मध्ये आला, तोवर त्या चुकीने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. दोन निरुपद्रवी बदल एकत्र आले आणि भोक पडलं.

तुमच्या लॅबमध्ये याचा अर्थ काय? ‘/ईटीसी/पासवर्ड’ ही युजरांच्या यादीची फाइल सगळ्यांना वाचता येते. तेवढं पुरे. तिच्यातली रूटची ओळ मेमरीत बदलली, की साधा विद्यार्थी रूट. पानाच्या पहिल्या बाइटवर लिहिता येत नाही, फाइल लांबवता येत नाही, अशा मर्यादा होत्या, पण त्यांनी कुणाचं फारसं अडलं नाही. डिस्कवरची फाइल सहसा तशीच राहते, म्हणून मशीन रीबूट झालं की बदलही गेला आणि पुरावाही.

कर्नलच्या पत्त्यांची जागा दर बूटला बदलणं, युजरच्या मेमरीतला कोड कर्नलच्या अधिकारात प्रोसेसरला चालवू न देणं, अशा संरक्षणांची जाहिरात फार होते. मेमरीची नासधूस करून आत शिरणाऱ्या हल्ल्यांना ती खरोखर जड जातात. डर्टी पाइपला मात्र कुठलाही पत्ता लागत नव्हता. ही सगळी संरक्षणं नुसती बघत राहिली. म्हणून मी पॅच आणि रीबूट आधी सांगते.

महिन्याचा दुसरा शनिवार ठरवून टाका. कॉलेजला सुट्टी असते, सकाळी अपडेट, लगेच रीबूट, विभागप्रमुखांना आधी लेखी कळवून. मोठी बातमी आली तर शनिवारची वाट पाहायची नाही. चालू मशीनवरच पॅच बसवणाऱ्या सेवा उबंटू आणि रेड हॅट देतात. डेबियन स्वतः देत नाही, आणि लॅबला त्याची गरजही नाही. सुट्टीच्या सकाळी दहा मिनिटं सर्व्हर बंद राहिला तर कुणाचं सबमिशन बुडत नाही.

त्यानंतर युजर नेमस्पेस. यात साध्या युजरला स्वतःपुरतं वेगळं जग उभारून त्यात रूट होता येतं. ही भातुकली आहे, पण चूल खरी आहे : आतल्या खोट्या रूटला कर्नलचे असे भाग हाताळता येतात, जे एरवी साध्या युजरच्या वाट्याला येत नाहीत. फायरवॉलचा ‘एनएफ-टेबल्स’ हा त्यातलाच. २०२४चा सीव्हीई-२०२४-१०८६ तिथला, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा. दुरुस्ती जानेवारीत आली, चालणारा हल्ल्याचा कोड मार्चमध्ये सगळ्यांसमोर आला, आणि मेअखेर अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी संस्थेने तो प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत टाकला. डेबियनमध्ये युजर नेमस्पेसची सोय आधी साध्या युजरला बंद असायची, ११व्या आवृत्तीपासून उघडी आहे. ‘युजर.मॅक्स_युजर_नेमस्पेसेस’ ही कर्नलची सेटिंग शून्य करा. रूटशिवाय चालणारं पॉडमन (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) आणि क्रोमचा सँडबॉक्स (ब्राउझरचा सुरक्षेचा कप्पा) अडेल, पण सी-पायथनच्या प्रॅक्टिकलला यातलं काही लागत नाही.

मुलांच्या फाइली असलेल्या ‘/होम’वर नोएक्झेक (तिथला प्रोग्रॅम चालूच न देणारा पर्याय) लावा, असा सल्ला कुणी देईल. मुलांना स्वतः कंपाइल केलेला प्रोग्रॅम चालवायचाच आहे, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही. त्यापेक्षा त्या सर्व्हरवर काय पडलंय ते बघा. अंतर्गत गुणांची फाइल? दुसऱ्या सर्व्हरवर बिनपासवर्डने नेणारी तुमची एसएसएच की? ती आजच हलवा. उद्या कुणी रूट झालाच, तर त्याला मुलांची प्रॅक्टिकल्स मिळावीत, बाकी काही नाही.

ऑडिटवाल्यांनाही एक विचारा : त्यांनी नुसता आवृत्तीचा आकडा पाहिला का? डर्टी पाइपची दुरुस्ती मूळ कर्नलमध्ये ५.१०.१०२ला आली, पण डेबियन ११ने ती ५.१०.९२-२ या पॅकेजमध्ये मागे नेऊन बसवली. आकडा लहान म्हणून स्कॅनर ओरडतो, मशीन मात्र ठीक असतं. डेबियनचा खरा आकडा ‘यूनेम -व्ही’ दाखवतं. अर्थात तुमच्या बाबतीत ते बरोबर निघतील, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : प्रत्येक ग्राहकाची वेबसाइट वेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये ठेवली, तर हा त्रास संपतो ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कमी होतो, संपत नाही. कंटेनर म्हणजे एकाच मशीनवरचे वेगळे कप्पे. ते कितीही असोत, खाली कर्नल एकच. डॉकरची मूळची सेककॉम्प यादी (कर्नलकडे काय मागता येईल ते ठरवणारी) कंटेनरमधून नवी युजर नेमस्पेस काढू देत नाही, त्यामुळे वरच्या एनएफ-टेबल्ससारखी वाट अडते. ‘प्रिव्हिलेज्ड’ लावून कंटेनर चालवत असाल तर तीही गेली. स्प्लाइस मात्र यादीत चालतो, कारण तो भल्या प्रोग्रॅमांनाही लागतो. शिवाय एकाच इमेजवरून (मूळ साच्यावरून) काढलेल्या कंटेनरांची खालची पानं सामायिक असतात, तेव्हा डर्टी पाइपने एका कंटेनरमधून केलेला बदल शेजाऱ्यालाही दिसला असता. एकमेकांवर विश्वास नसलेले ग्राहक एका मशीनवर ठेवायचे असतील, तर मी प्रत्येकाला स्वतःचं कर्नल असलेलं व्हर्च्युअल मशीन देईन. रॅमचा खर्च वाढतो, तो बिलात लावा.

प्रश्न : माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनला अपडेट येणं बंद झालंय. कर्नलचे दोष मलाही लागू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : हो. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे. २००७च्या लिनक्स २.६.२२ पासून असलेला ‘डर्टी काऊ’ हा कर्नलचा दोष ऑक्टोबर २०१६मध्ये दुरुस्त झाला, आणि पुढच्याच वर्षी ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीला त्याचा वापर करणारं ‘झेडएनआययू’ हे मालवेअर सापडलं. त्याचे बळी सर्वाधिक चीन आणि भारतात होते. ते अ‍ॅपच्या रूपात यायचं. म्हणून प्ले स्टोअरबाहेरचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एपीके त्या फोनवर टाकू नका. यूपीआय आणि बँक वेगळ्या, अपडेट मिळणाऱ्या फोनवर न्या. जुना फोन गाणी ऐकायला चांगला आहे.