ख्रिस्ती माणसाने जिभेला आवर घालायचा म्हणजे अन्याय दिसला तरी गप्प बसायचे का?

आपला प्रश्न असा आहे की, 'जिभेला आवर घाला' हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वारंवार ऐकायला मिळते, तर मग अन्याय समोर दिसत असतानाही ख्रिस्ती माणसाने तोंड बंद ठेवावे काय. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते मी प्रभू येशूच्या चौकशीच्या वृत्तांतावरून देतो. शिपायाने तोंडात मारली तेव्हा येशूने त्याला सरळ विचारले की, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस (योहान 18:23). पुढे गालीलाचा अधिपती हेरोद याने पुष्कळ प्रश्न विचारले, तेव्हा मात्र त्याने काहीच उत्तर दिले नाही (लूक 23:9). हेरोदाला केवळ एखादा चमत्कार पाहायचा होता, सत्याशी त्याला देणेघेणे नव्हते. मारणाऱ्या शिपायाला मात्र आपण काय केले हे कोणीतरी विचारणे आवश्यक होते.

बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेच्या संदर्भात घोड्याचा लगाम, तारवाचे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे तीन दृष्टान्त येतात. आपण ठिणगीच लक्षात ठेवतो, पण लगाम घोड्याला नुसता थांबवत नाही, हव्या त्या दिशेला वळवतो, आणि सुकाणूचे कामही तेच आहे. म्हणून 'बोलू की नको' एवढेच विचारून भागत नाही. हा शब्द कोणाकडे जायला हवा, हेही विचारावे लागते. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याशीच बोला, असे मत्तय 18:15 मध्ये सांगितले आहे. आपण नेमके उलट करतो: दहा जणांना सांगतो आणि त्याला एकट्यालाच सांगत नाही.

हे मी स्वतः केले आहे. एका घरातील कलह मला विश्वासाने सांगण्यात आला होता, आणि मी तो प्रार्थनासभेत 'त्यांच्यासाठी प्रार्थना करा' म्हणून मांडला. नाव घेतले नाही, पण इतके तपशील दिले की सर्वांच्या नजरा एकाच रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. त्या ताई पुढे काही महिने उपासनेला आल्या नाहीत. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत, म्हणून तर मला उत्तर देता आलं नाही." तोवर माझी समजूत होती की पाप केवळ खोटे बोलण्यात आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वास शिकवण्याच्या छोट्या पुस्तकात, दहा आज्ञांपैकी खोट्या साक्षीविरुद्धच्या आज्ञेचा अर्थ सांगताना शेजाऱ्याचा विश्वासघात आणि त्याची बदनामीही त्याच आज्ञेखाली घेतली आहे, आणि त्याच्याविषयी चांगले बोलावे असेही म्हटले आहे. हे मी अनेकदा वाचलेले होते, पण त्या दिवशी ते मला लागू झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. घरात मारहाण होत असेल, कोणी दुर्बलाचे शोषण करीत असेल, आणि मंडळीतील कोणी 'वाच्यता नको, जीभ आवरा' असे सांगत असेल, तर तो वचनाचा दुरुपयोग आहे. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड, असे नीतिसूत्रे 31:8 मध्ये आज्ञेच्याच शब्दांत लिहिले आहे. अशा वेळी जो मदत करू शकतो किंवा ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याच्यापर्यंत शब्द पोहोचलाच पाहिजे.

राग आलेला असताना मी स्तोत्र 141 मधील, मुखावर पहारा ठेवण्याची विनंती मनात म्हणतो. तेवढ्या वेळात निदान पहिले वाक्य तरी बदलते. आणि कोणासाठी सभेत प्रार्थना मागायची असेल, तर आता आधी त्या व्यक्तीलाच विचारतो, "हे सांगितलेलं चालेल का?" पुष्कळदा उत्तर 'नको' असे येते, आणि मग ती प्रार्थना मी घरीच करतो.