मी तर एकही हप्ता चुकवला नाही

"मॅडम, आधीच सांगते, मी उधळी नाही."

खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांनी हे सांगून टाकलं. मग पर्समधून रबरबँड लावलेली चार कार्डं काढून टेबलावर ठेवली. चारही दुकानांची, म्हणजे त्या-त्या दुकानातच चालणारी. एक कपड्यांच्या दुकानाचं, एक चपला-बुटांच्या, एक विजेच्या उपकरणांच्या आणि एक मुलांच्या सामानाच्या. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. इथे त्यांना ताई म्हणू.

ताईंचा प्रश्न आमच्याकडे, म्हणजे कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्यांकडे, वरचेवर येतो. "जे घेतलं ते सवलतीत घेतलं. गरजेचंच घेतलं. दोन वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही. मग बाकी आहे तिथेच कशी?" पुढचं वाक्य हळू आवाजात आलं. "ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, या स्टेटमेंटवर 'हप्ता' हा शब्द कुठे आहे तेवढा दाखवा. त्या वरून खालपर्यंत गेल्या, पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि एका चौकटीवर पेन्सिल टेकवली. तिथे लिहिलं होतं, 'किमान देय रक्कम'.

"हाच की."

हा हप्ता नव्हे. सगळा घोटाळा या एका शब्दात होता, आणि त्यात ताईंचा वेंधळेपणा नव्हता. हप्ता म्हटलं की आपल्या डोक्यात एक हिशेब असतो: इतके भरले, इतके राहिले, अमुक महिन्यात सुटलो. हप्त्याला शेवट असतो. किमान रकमेला तो जवळजवळ नसतोच. एवढं भरलंत तर तुम्हाला थकबाकीदार म्हणणार नाही, इतकाच तिचा अर्थ. ताई दर महिन्याला थकबाकीदार न ठरण्याचे पैसे भरत होत्या आणि कर्ज फेडतोय असं समजत होत्या.

त्यांच्या सर्वांत महाग कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के होतं आणि किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के. 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरून वर्षाचा आकडा साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. स्टेटमेंटच्या कोऱ्या बाजूवर आम्ही बाकी 100 धरून गणित मांडलं. महिनाअखेर व्याजासकट 103 झाले. किमान रक्कम 5.15 भरली. उरले 97.85. म्हणजे पाचाच्या वर गेले आणि कर्ज कमी झालं सव्वादोननेसुद्धा नाही. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. असंच चालू ठेवलं तर बाकी निम्मी व्हायला 32 महिने लागतात. संपायला नव्हे, निम्मी व्हायला.

मग दुसरं गणित केलं. तेच कर्ज, तेच व्याज. फक्त पहिल्या महिन्यात भरलेले 5.15 दर महिन्याला तेवढेच भरत राहायचे, छापलेला आकडा कितीही खाली येवो. 30 महिन्यांत कर्ज साफ.

ताईंनी कागद जवळ ओढून बेरजा स्वतः पुन्हा केल्या. "म्हणजे ते आकडा कमी करत होते आणि मला बरं वाटत होतं?"

हो. दर महिन्याला थोडं हलकं वाटावं अशीच ती रचना आहे. छापलेल्या आकड्याचा मनावर काय परिणाम होतो, यावर नील स्ट्युअर्ट या मानसशास्त्रज्ञाने 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांसमोर कार्डाचं नमुना बिल ठेवलं आणि किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापली होती, काहींच्या नव्हती. पूर्ण बिल न फेडणाऱ्यांत, ज्यांना तो आकडा दिसला त्यांनी न दिसलेल्यांपेक्षा कमी भरायचं ठरवलं. चौकटीतला आकडा आपल्याला खाली ओढतो. ताई हुशार आहेत, एका कार्यालयात हिशेब तपासण्याचंच काम करतात. आकडा त्यांनाही ओढत होता.

आता सवलत. चारही कार्डं त्यांनी काउंटरवरच घेतली होती. हातात सामान, मागे रांग, आणि समोरून गोड आवाजात "आजच्या बिलावर 10 टक्के सूट मिळेल, कार्ड काढून देऊ का?" मीही एकदा असं कार्ड घेतलंय, त्यामुळे उपदेश करायचा मला फारसा हक्क नाही. पण गणित सांगते. 100 च्या वस्तूचे 90 झाले. ते 90 तसेच थकले, तर महिना 3 टक्क्यांनी चौथ्या महिन्याअखेर 101 होतात. वाचलेले दहा चार महिन्यांत परत गेले, वर एक अधिक. शिवाय आधीची बाकी पूर्ण फेडली नसेल, तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. व्याज खरेदीच्या दिवसापासून चढू लागतं. ताई सवलतीच्या आठवड्यात जे आणत होत्या, त्यावर घरी येईपर्यंत मीटर पडलेलं असायचं.

विजेच्या उपकरणांच्या कार्डाची गोष्ट आणखी कडू. त्यावर त्यांनी 'इतके महिने बिनव्याजी' म्हणून मोठी खरेदी केली होती. अशा काही योजनांत व्याज माफ नसतं, नुसतं बाजूला ठेवलेलं असतं. मुदत संपताना थोडी जरी बाकी राहिली, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम बिलात येऊन पडतं. ताईंनी बरीचशी रक्कम फेडली होती, थोडी राहिली होती. व्याज नुसतं त्या थोडीवर लागलं नाही, पहिल्या दिवसापासूनचं सगळं लागलं. करार आम्ही दोघींनी मिळून वाचला. अट तिथे होती, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

बाकीचं थोडक्यात सांगते. दुकानांच्या कार्डांची मर्यादा सहसा लहान असते, म्हणून दोन खरेद्यांतच ती भरल्यासारखी दिसते. मर्यादेचा किती भाग वापरलाय हे पतगुणांकात, म्हणजे कर्ज देणारे आपली पत ज्यावरून जोखतात त्या आकड्यात, मोजलं जातं, त्यामुळे गुणांक घसरू शकतो. एका कार्डाबरोबर विमाही जोडला गेला होता, ताईंना पत्ताच नव्हता. तो पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावला.

मी हे काम बरीच वर्षं करते आहे. मला व्याजापेक्षा दुकानाचा आपलेपणा जास्त अवघड वाटतो. बँकांची कार्डं नंतर आली, गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारी दुकानांची उधारी त्यांच्या कितीतरी आधीची. अमेरिकेत 1928 साली दुकानांतल्या उधारीसाठी चार्गा-प्लेट नावाची धातूची छोटी पट्टी निघाली, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव उठावात असायचं. काही दुकानं ती पट्टी गिऱ्हाइकाला देतच नसत, स्वतःकडेच ठेवत. मला ते फार बोलकं वाटतं. ताईंच्या फोनवर दर दोन-तीन दिवसांनी 'खास तुमच्यासाठी' असा निरोप यायचा. बाकी फेडून कार्ड बंद करायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "वाईट वाटतं हो, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी."

आम्ही चार कार्डांचा तक्ता केला. गणित म्हणतं, सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. मी ताईंना तसं सांगितलं नाही. चपलांच्या कार्डावर अगदी थोडी बाकी होती, ती आधी संपवायला सांगितली. थोडं व्याज जास्त गेलं, मला मान्य आहे. पण दोन वर्षं काहीच संपत नाही असं पाहिलेल्या माणसाला एक तरी शून्य दिसायला हवं होतं. नंतर महाग कार्डाकडे वळलो. बँकेतून आपोआप जाणारी रक्कम 'किमान' वर लावलेली होती, ती बदलून ठरावीक केली.

आणि घरी सांगायचं. ते मी त्यांच्यावर सोडलं, फक्त चार कार्डं आणि तो गणिताचा कागद बरोबर न्या म्हटलं. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "ओरडतील वाटलं होतं. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि आतून स्वतःचं एक कार्ड आणलं."

शेवटी आम्ही नकाराचा सराव केला. मी काउंटरवाली झाले. "कार्ड काढून देऊ का?" ताई म्हणाल्या, "नको, माझ्याकडे आधीच आहेत." मी म्हटलं, "हे नवीन आहे, यावर पॉइंट जास्त." त्या म्हणाल्या, "आत्ता घाई आहे." मी म्हटलं, "दोन मिनिटांचं काम आहे, फोन नंबर सांगा फक्त." ताई हसायला लागल्या. कारण दिलं की समोरून उत्तर येतं, काउंटरवालीला तेच शिकवलेलं असतं. पाचव्या खेपेला त्या नुसतं "नको" म्हणाल्या आणि गप्प राहिल्या. ती शांतता दोघींनाही अवघड गेली.

परवा त्यांचा फोन आला. तीन कार्डं संपली, चौथं चालू आहे. तिसरं बंद करायला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने का बंद करताय विचारलं, मग कूपन देऊ केलं, मग दुप्पट कूपन.

"मग?"

"मी काही बोललेच नाही. बराच वेळ. शेवटी तीच म्हणाली, बरं, करते बंद."