कुंपण किती पावलांवर आहे?

"ताई, त्याला बेसबॉल सोडायलाच लावू का?" न्यू जर्सीतल्या मराठी आयांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. खेळ बदलतो, काळजी तीच. या वेळचा मुलगा तेरा वर्षांचा, सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध खेळणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) उंच उडालेल्या चेंडूवर नजर ठेवून तो मागे मागे पळाला आणि थेट जाळीच्या कुंपणावर आदळला. खांदा सुजला, गालावर शंकरपाळ्या उमटल्या. तेव्हापासून चेंडू डोक्यावरून मागे गेला की पोराचे पाय जागच्या जागी थांबतात. बाबा म्हणतात, घाबरट झालाय. आई म्हणते, देवानं वेळीच सावध केलंय.

मी आधी डोक्याचं विचारलं. नंतर मळमळ, डोकेदुखी, उजेडाचा त्रास, अभ्यासात लक्ष न लागणं? डॉक्टरांनी तपासून खेळायची लेखी परवानगी दिली होती. ती नसती तर मी पुढचं काही बोललेच नसते. मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी मैदानात परतायचं नाही, आणि तपासणीशिवाय नंतरही नाही. इथे भिडस्तपणा कामाचा नाही, मग कोच कितीही आग्रही असो.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. "नेमकं कशाला घाबरतोस?"

"लागण्याला नाही. मागे भिंत कुठे आहे तेच कळत नाही."

खरं होतं त्याचं. बारा वर्षांपर्यंतच्या मैदानात बेस (धावताना गाठायचे टप्पे) एकमेकांपासून ६० फुटांवर आणि कुंपण साधारण २०० फुटांवर असतं. तेराव्या वर्षी पोरं बेसमध्ये ९० फूट अंतर असलेल्या मैदानात जातात. कुंपण बऱ्याचदा ३०० फुटांच्याही पलीकडे. आता मागे भरपूर जागा आहे, या समजुतीनं तो बिनधास्त पळाला. जुना अंदाज मोडला होता, नवा अजून बसला नव्हता. अशा पोराला 'घाबरू नकोस' सांगून काय उपयोग?

बाबांची तक्रार वेगळी होती. "आम्ही एवढं क्रिकेट खेळलो, कुणी आदळलं नाही." पण मोठ्या क्रिकेट मैदानात सीमारेषेची दोरी आणि बाहेरच्या फळ्या यांत मोकळी जागा सोडतात. बेसबॉलमध्ये भिंत हीच सीमा, आणि झेल अगदी तिच्या अंगालाच घ्यावा लागतो. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा पीट रायझर १९४२ मध्ये सेंट लुईसच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळला, १९४७ मध्ये घरच्या मैदानावर पुन्हा. दुसऱ्या वेळी तर धर्मगुरूला बोलावून मरणाऱ्यासाठीचे ख्रिस्ती विधीही उरकले होते! (तो वाचला.) पुढच्याच वर्षी तिथल्या भिंतीला गादी लागली. भिंतीआधीचा मातीचा पट्टा, म्हणजे वॉर्निंग ट्रॅक, मोठ्या लीगमध्ये सक्तीचा झाला तोही १९४९ च्या सुमारास. एवढ्या गुणी खेळाडूची कारकीर्द अशा धडकांत संपली, हे बाबांना सांगितल्यावर 'घाबरट' हा शब्द बंद झाला.

कोच समजूतदार निघाले. सामन्याआधी मुलानं कुंपणाला हात लावायचा, पाठ टेकवायची आणि तिथून गवताच्या कडेपर्यंत पावलं मोजायची, असं ठरलं. चालत, मग पळत. स्पाइक्सखाली गवत संपून माती लागली की आवाज बदलतो. तो कानाला ओळखता आला पाहिजे, कारण डोळे वर गुंतलेले असतात. त्यांच्या गावच्या मैदानात असा पट्टाच नव्हता, तर पालकांनी परवानगी काढून गवतावर रंगाची रेघ ओढली. जाळीच्या वरच्या तारांची उघडी टोकं प्लॅस्टिकच्या पिवळ्या नळीनं झाकली. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच.

सराव साधा होता. चेंडू उडाला की उलट्या पावली जायचं नाही. वळून आधी कुंपणाकडे पळायचं, मोकळा हात मागे करून भिंत चाचपायची आणि मग चेंडूकडे पुढे यायचं. पुढून मागे जाण्यापेक्षा मागून पुढे येणं केव्हाही सोपं. शेजारच्या फील्डरनं ओरडून सांगायचं: "जागा आहे!" किंवा "भिंत!" पहिले काही दिवस कोच हातानंच हळू चेंडू टाकत. त्याचे पाय थांबायचे, पण थांबण्याची जागा रोज थोडी मागे सरकत गेली.

आईला मी एकच काम दिलं: चेंडू हवेत असताना प्रेक्षकांतून "अरे, सांभाळ!" असं ओरडायचं नाही. त्या गलक्यात शेजारच्या फील्डरची हाक बुडते. तिला हे फार जड गेलं; बिचारी ओढणीचं टोक तोंडात धरून बसायची.

पुढच्या भेटीत बाबा जरा हिरमुसलेले. परवाच्या सामन्यात एक झेल यानं सोडूनच दिला, म्हणाले. मुलगा मान वर न करता बोलला, "बाबा, तो भिंतीवरच लागणार होता. मी आधीच थांबलो, उसळून आलेला चेंडू उचलला आणि थ्रो केला. रनर सेकंड बेसच्या पुढे जाऊ शकला नाही."