बातमीत ड्रमरचं नाव का नसतं?

प्रश्न : गेल्या महिन्यात ठाण्यात आम्ही दोघांनी पहिल्यांदाच जॅझचा कार्यक्रम ऐकला. सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस आणि ड्रम्स, असे चौघे वादक होते. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला आणि खाली एकच ओळ : 'जॅझच्या सुरांनी ठाणेकर मंत्रमुग्ध.' कोणी वाजवलं, काय वाजवलं, काही नाही. शास्त्रीय मैफलीचं परीक्षण तर व्यवस्थित येतं. मग जॅझचंच असं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तो 'मंत्रमुग्ध' मीही पुष्कळदा छापला आहे. बावीस वर्षं मी एका दैनिकाच्या पुरवणीत उपसंपादक होते. कार्यक्रम रात्री दहाला संपतो आणि पान त्याआधीच लागलेलं असतं, म्हणून बातमीदाराला सांगितलं जातं, 'दीपप्रज्वलनाचा फोटो घे आणि ये.' तो फार तर पहिल्या रचनेची सुरुवात ऐकून निघतो. आता जॅझची गंमत बघा. सुरुवातीला सगळे मिळून नुसती धून वाजवतात. खरी कथा त्यानंतरची : त्याच धुनेच्या मात्रांच्या आणि सुरांच्या चौकटीत एकेक वादक आपलं सुचेल ते मांडतो. उद्या तीच रचना वाजवली तर मांडणी वेगळी होईल. म्हणजे बातमी जिथे सुरू होते, तिथे आमचा माणूस ठाणे स्टेशनच्या रिक्षात बसलेला असतो.

दुसरं कारण आपल्या भाषेतलं आहे. मैफलीच्या परीक्षणाचा आपला साचा चांगला आहे : राग कोणता, बंदिश कोणती, ताल कोणता आणि शेवटी 'तबल्यावर अमुक व संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली.' हा 'साथ' शब्द जॅझला लावला की सगळं बिघडतं. तिथला ड्रमर मागे बसून ठेका धरणारा नसतो. चार-चार मापांची (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा तुकडा) देवाणघेवाण चालते तेव्हा तो सॅक्सोफोनला तोडीस तोड उत्तर देतो, आपल्या सवाल-जवाबासारखं. साथीदार म्हटलं की नाव शेवटच्या ओळीत जातं, आणि जागा कमी पडली की तीच ओळ कापली जाते.

अशी एक ओळ मी कापली आहे. नव्वदच्या दशकात धोबीतलावच्या रंगभवनातल्या एका कार्यक्रमाचा वृत्तांत माझ्या टेबलावर आला. १९७८ मध्ये पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव भरला आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स वाजवून गेला, तेच हे रंगभवन. ऐनवेळी जाहिरात आली, मी शेवटचा परिच्छेद उडवला. त्यात डबल बेस आणि ड्रम्स वाजवणाऱ्यांची नावं होती. चार दिवसांनी बेसवादकाच्या पत्नीचा फोन आला. तक्रार नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, 'दुसऱ्या आवृत्तीत यांचं नाव आलंय का हो? कात्रण चिकटवायचं होतं.' मी 'नाही' म्हटलं. ते 'नाही' अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मुंबईची ही सवय फार जुनी आहे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ट्रम्पेट आपण तोंडाने वाजवून दाखवतो, पण तो वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, किती घरांत ठाऊक आहेत?

'आम्हाला जॅझमधलं कळत नाही' ही सबब मला पटत नाही. मोजता तर येतं! १९५६ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिसने बारा मापांच्या ब्लूजची (जॅझमधला एक ठरलेला साचा) सलग २७ आवर्तनं सॅक्सोफोनवर वाजवली. (आडनावावरून गोव्याचा वाटतो, पण त्याचं कुळ केप व्हर्दे बेटांवरचं.) कोणीतरी ती मोजली म्हणून आज आपल्याला आकडा माहीत आहे. पुढच्याच महिन्यात एलिंग्टन 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. आणि जाणकारही चुकतातच. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या 'डाउन बीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकाने जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी या सॅक्सोफोनवादकांच्या वादनाला 'अँटी-जॅझ', म्हणजे जॅझविरोधी, ठरवलं. पण पुढच्या वर्षी त्याच मासिकाने दोघांना सविस्तर उत्तर द्यायला पानं दिली. कळलं नाही तर वादकाला विचारावं, त्याचं म्हणणं छापावं. इतकं आपल्या पुरवण्यांना सहज जमेल.

तुम्ही संपादकांना पत्र लिहा. चौघांची नावं आयोजकांकडून घ्या आणि पत्रात घाला. वाचकांच्या पत्रांत का होईना, ती छापून येऊ द्यात.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या मित्रांबरोबर जॅझ वाजवते. वाशीत त्यांचा कार्यक्रम आहे. पेपरात यावं म्हणून काय पाठवू?
– एक आई, ऐरोली

उत्तर : आठ दिवस आधी दीडशे शब्द पाठवा, मराठीत. वार, वेळ, सभागृह, प्रवेशमूल्य. कोणत्या रचना वाजवणार आणि मूळ कोणाच्या, ते लिहा. 'तरुणाईचा जल्लोष' वगैरे नको. फोटो वाजवतानाचा हवा, पुष्पगुच्छाचा नको, आणि ओळ 'डावीकडून' अशी सुरू करून प्रत्येकाचं नाव व वाद्य द्या. कार्यक्रमानंतर त्याच रात्री पाच ओळी परत पाठवा : कोणाचा सोलो (एकट्याचं वादन) रंगला, टाळ्या कुठे पडल्या. बातमीदार थांबला नसेल तर त्याला त्याच उपयोगी पडतील. ड्रमरचं नाव पहिल्या परिच्छेदात घाला, कात्री शेवटून लागते.