पियानोवरच्या उदास क्लासिकल रचना एकट्या गिटारवर वाजतील का? सुरुवात कशानं करू?

वाजतात की! पोलिश संगीतकार शोपँच्या ई मायनर प्रेल्यूडनं (छोटी पियानो रचना; ओपस २८, क्रमांक ४) सुरुवात करा. वरची चाल सुरुवातीला बी आणि सी या दोनच सुरांवर घुटमळते; खाली कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) एकेक सूर हळूहळू घसरत जातो. सगळं दुःख त्या घसरण्यात आहे, तेवढं सांभाळा. पियानोतला प्रत्येक सूर घ्यायचा हट्ट नको. शेवटचा ई सहाव्या मोकळ्या तारेवर आयता मिळतो. गिटारला पियानोसारखं सूर लांबवणारं पेडल नाही, म्हणून पुढचा सूर येईपर्यंत बोट उचलू नका. फ्रेंच संगीतकार एरिक सातीची पहिली जिम्नोपेदी (संथ पियानो रचना, १८८८) नंतर, सहावी तार डीला उतरवून. तारा नायलॉनच्याच. आमच्या लातुरात मात्र एप्रिलच्या दुपारी ट्यूनिंग टिकत नाही. मी रात्री गच्चीवर बसतो, लाईट गेली तर आणखी बरं.