मॉनिटर सोडून बाकीच्यांचं काय?

प्रश्न : आठवीच्या वर्गाला नेतृत्वगुण शिकवायचेत. दोन तास भाषण दिलं, मुलं जांभया देत बसली. पुढंपुढं करणारी तीच चार मुलं. काय करू?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : अहो मॅडम, भाषणानं पोहता येतं का कुणाला, तसंच हे. सिंहगडची सहल मुलांनाच ठरवू द्या, म्हणजे स्वारगेटवरून बस किती वाजताची, तिकिटाचे पैसे कोण गोळा करणार, डबे, पाणी, सगळंच, आणि तुम्ही फक्त सेफ्टी बघायची, बाकी तोंडाला कुलूप (हेच सगळ्यात अवघड, स्वानुभव!). माझ्या वर्गात नेहमीचा लीडर जोरात ऑर्डरी सोडत होता आणि मागच्या बाकावरची एक गप्प मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर बसचे टाइम लिहून बसलेली, शेवटी सगळे तिच्याच वहीभोवती. पुढच्या वेळी लीडर बदला, त्या चौघांना मुद्दाम हिशेबाला बसवा.

पण खरं शिकणं परत आल्यावर. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र हेच सांगतं, आधी अनुभव, मग त्यावर विचार, त्यातून काहीतरी सूत्र आणि ते पुन्हा करून बघणं. आपल्याकडे बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात, सहल झाली, फोटो टाकले, संपलं. वीस मिनिटं गोल बसवा आणि विचारा, कुठं अडलं, कुणाचं ऐकलं नाही, का नाही ऐकलं. चूक कुणाची हे मात्र विचारू नका, लगेच भांडणं लागतात. मार्कही देऊ नका यावर प्लीज.